दाढीचा ब्रश : जनावराच्या केसांचा की नायलॉनचा?

घरातल्या काही वस्तू कधी आणल्या हे कुणालाच सांगता येत नाही. दाढीचा ब्रश ही त्यांतलीच एक. दात घासायचा ब्रश आपण तीन-चार महिन्यांनी बदलतो. ब्लेड चार-पाच दाढ्यांनंतर टाकून देतो. साबण संपला की नवा येतो. ब्रश मात्र आरशाशेजारच्या फळीवर वर्षानुवर्षे उभा असतो. त्याचे निम्मे केस गळालेले असतात, मुळाशी साबणाचा पांढरा थर साचलेला असतो, आणि तरीही रोज सकाळी तो गालावर फिरतो.

हा विषय निघाला तो दवाखान्यात आलेल्या एका बापलेकांमुळे. मुलगा हिंजवडीच्या कंपनीत नोकरीला. त्याने बऱ्यापैकी पैसे मोजून परदेशी बनावटीचा, जनावराच्या केसांचा दाढीचा ब्रश मागवला होता. वडिलांना ते पसंत नव्हते. "डॉक्टरसाहेब, ह्याला समजावा जरा. जनावराच्या केसानं रोग होतो म्हणतात. आमचा नायलॉनचा काय वाईट होता?" असे त्यांचे म्हणणे. मुलाचे म्हणणे असे, की नैसर्गिक ते केव्हाही चांगले आणि प्लॅस्टिक ते वाईट. दोघांच्याही बोलण्यात थोडे तथ्य आहे आणि थोडा गैरसमज आहे. तेव्हा वाचकहो, हा प्रश्न आज नीट पाहू.

ब्रश कशाचे असतात?

बाजारात प्रामुख्याने तीन प्रकारचे केस आढळतात. पहिला प्रकार डुकराच्या राठ केसांचा. पाकिटावर 'ब्रिसल' किंवा 'बोअर' असे लिहिलेले असते ते हेच. दुसरा प्रकार बॅजर नावाच्या, बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या केसांचा. हे केस मऊ असतात, पाणी भरपूर धरतात आणि महागही असतात. क्वचित घोड्याच्या केसांचे ब्रशही मिळतात. तिसरा प्रकार कृत्रिम धाग्यांचा, म्हणजे नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा. नायलॉनचा शोध १९३० नंतरच्या दशकातला. १९३८ साली अमेरिकेत नायलॉनचे दात घासायचे ब्रश बाजारात आले. त्याआधी दात घासायचे ब्रशसुद्धा डुकराच्या केसांचे असत, हे आज कुणाला खरे वाटणार नाही.

शाकाहारामुळे किंवा धर्मामुळे ज्यांना डुकराचे केस चेहऱ्याला लागलेले चालत नाहीत, त्यांनी पाकिटावरचे शब्द वाचूनच ब्रश घ्यावा. पाकीट हरवले असेल तर एक सोपी परीक्षा आहे. ब्रशचा एकच केस उपटून चिमट्यात धरावा आणि काडीने पेटवावा. खरा केस असेल तर केस जळल्याचा ओळखीचा वास येतो आणि बोटाने चुरडता येईल अशी राख होते. नायलॉन असेल तर तो वितळतो आणि टोकाला कडक मणी तयार होतो.

भीती कोठून आली?

जनावराच्या केसांनी रोग होतो ही वडिलांची भीती अगदीच निराधार नाही. तिच्यामागे शंभर वर्षांपूर्वीची एक खरी हकीकत आहे.

आपल्या शेतकरी वाचकांना जनावरांचा फाशी हा रोग माहीत असेल. त्यालाच काळपुळी किंवा इंग्रजी नावाने अँथ्रॅक्स म्हणतात. चांगले धडधाकट जनावर अचानक मरून पडते, नाकातोंडातून काळपट रक्त येते. या रोगाचा जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरने १८७६ साली सिद्ध केला. हा जंतू प्रतिकूल परिस्थितीत बीजाणूचे रूप घेतो, म्हणजे स्वतःभोवती टणक कवच करून झोपी जातो. या अवस्थेत तो मातीत, कातड्यात किंवा केसांत अनेक वर्षे टिकतो. माणसाच्या कातडीवरच्या बारीकशा जखमेतून तो आत शिरला, की आधी खाजणारी पुळी येते, मग फोड येतो आणि शेवटी मध्यभागी काळी खपली धरते. भोवती सूज पुष्कळ असते, पण ठणका मात्र फारसा नसतो. काळपुळी हे नाव त्या काळ्या खपलीवरूनच पडले.

पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड आणि अमेरिकेत सैनिकांच्या व नागरिकांच्या चेहऱ्यावर आणि मानेवर अशा काळपुळ्या दिसू लागल्या. यांतल्या बहुतेकांचा गुराढोरांशी काही संबंध नव्हता. शोध घेतल्यावर बोट दाढीच्या नव्या ब्रशकडे वळले. युद्धामुळे बॅजरच्या केसांचा नेहमीचा पुरवठा तुटला होता. त्यांच्या जागी आशियातून आलेले घोड्याचे स्वस्त केस वापरून ते बॅजरसारखे दिसतील असे ब्रश बनवले जात होते. हे केस नीट निर्जंतुक केलेले नव्हते. दाढी करताना कातडी बारीक खरचटते, आणि नेमक्या त्याच ठिकाणी ब्रश जंतू चोळून बसवत होता. १९१५ ते १९२४ या काळात असे दोनशेहून अधिक रुग्ण नोंदले गेले, आणि त्यांतले अनेक दगावले, कारण तेव्हा पेनिसिलीन नव्हते. १९२० साली ब्रिटनने जपानहून येणाऱ्या दाढीच्या ब्रशांच्या आयातीवर बंदी घातली. पुढे केस निर्जंतुक करण्याचे नियम झाले आणि ही साथ ओसरली.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या नियतकालिकाने २०१७ साली ही जुनी प्रकरणे पुन्हा तपासून प्रसिद्ध केली. याचे कारण असे, की तरुण मंडळींत जुन्या पद्धतीच्या दाढीच्या सामानाची हौस परत आली आहे. आज चांगल्या कारखान्यात तयार झालेल्या केसांच्या ब्रशपासून काळपुळी होण्याची भीती नगण्य आहे. मात्र जुन्या बाजारात मिळालेला, हाडाच्या मुठीचा, पणजोबांच्या काळातला ब्रश हौसेने घरी आणला असेल तर तो कपाटात शोभेसाठी ठेवावा, चेहऱ्याला लावू नये. तो घरी उकळून वापरू असे म्हणू नये. हे बीजाणू साध्या उकळण्याला सहज दाद देत नाहीत.

या निमित्ताने शेतकरी बंधूंना एक सांगणे. जनावर अचानक मेले आणि नाकातोंडातून रक्त आले असेल, तर त्याचे कातडे सोलू नये, ते उघडू नये. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावे. आणि हातावर किंवा चेहऱ्यावर काळी खपली धरलेली, न दुखणारी पुळी दिसली तर लगेच डॉक्टरांना दाखवावी. वेळेवर प्रतिजैविके मिळाली, तर कातडीची काळपुळी बहुतेक वेळा पूर्ण बरी होते.

आजचे दुखणे वेगळेच

मग आज ब्रशपासून काहीच धोका नाही का? आहे, पण तो केस कोणत्या प्राण्याचा यावर फारसा अवलंबून नाही. तो दोन गोष्टींवर अवलंबून आहे. ब्रश ओला राहतो का, आणि तो किती जणांच्या गालांवर फिरतो.

पहिली गोष्ट ओलीची. आपल्या मुळशी तालुक्यातल्या पावसाचे वर्णन मी वाचकांना सांगायला नको. पौडहून ताम्हिणीकडे जावे तसा पाऊस वाढत जातो. घाटमाथ्यावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पुणे शहराच्या कितीतरी पट. जून ते सप्टेंबर चपला, पापड, काडेपेटी काहीच कोरडे राहत नाही, तिथे न्हाणीघरातला ब्रश कसा वाळणार? खरा केस पाणी शोषून घेतो आणि फुगतो. बॅजरच्या ब्रशचे कौतुक होते ते याच गुणासाठी. पण पावसाळ्यात हाच गुण दोष ठरतो. मुळाशी साबण, मृत कातडी आणि ओल एकत्र राहिली, की जंतू आणि बुरशीला घर मिळते. नायलॉनचा धागा पाणी फार कमी शोषतो. तो झटकला की लवकर वाळतो.

दोन पावसाळ्यांपूर्वीचा एक रुग्ण आठवतो. वय पन्नाशीचे, मधुमेह बऱ्याच वर्षांचा. हनुवटीवर आणि ओठाच्या वर पुन्हा पुन्हा केसतोड उठत होते. गोळ्या घेतल्या की बरे वाटे आणि पंधरा दिवसांत नवे केसतोड येत. साखर तपासली तर ती वाढलेली होतीच. पण दाढी कशाने करता हे विचारल्यावर त्यांनी दुसऱ्या दिवशी पिशवीतून प्लॅस्टिकची झाकणबंद डबी आणली. तिच्यात ब्रश, रेझर आणि साबण सगळे एकत्र होते. झाकण उघडल्याबरोबर कुबट वास आला. ब्रशच्या मुळाशी काळे ठिपके होते. साखर आटोक्यात आणली, डबी फेकायला लावली, पंधरा दिवस दाढीच बंद ठेवली, आणि नंतर नवा नायलॉनचा ब्रश उघड्यावर टांगून ठेवायला सांगितला. त्या वर्षी पुन्हा केसतोड आले नाहीत. साखरेचा वाटा किती आणि ब्रशचा किती, हे वेगळे काढून सांगता येणार नाही. पण दोन्ही सुधारल्याखेरीज त्यांचा त्रास थांबला नसता, असे माझे मत आहे.

इथे एक इशारा. नाक आणि वरचा ओठ या भागातला केसतोड कधीही नखाने किंवा सुईने फोडू नये. या भागातल्या शिरांचा संबंध डोळ्यांमागच्या आणि मेंदूजवळच्या शिरांशी असतो. क्वचित का होईना, जंतू त्या वाटेने आत गेले तर जिवावर बेतू शकते. चेहरा सुजला, डोळा सुजला, थंडी वाजून ताप आला तर एक तासही वाट पाहू नये. मधुमेह्यांनी तर मुळीच नाही.

एक ब्रश, अनेक गाल

दुसरी गोष्ट सामाईक ब्रशाची. पूर्वी गावात बलुतेदारीची पद्धत होती. नाभिक कारागीर धोकटी घेऊन ओसरीवर येत, आणि आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांची हजामत एकाच वाटीतल्या पाण्यात आणि एकाच वस्तऱ्याने होई. ती पद्धत गेली, गावोगाव सलून आले, वस्तऱ्यात दर गिऱ्हाइकाला नवे अर्धे ब्लेड घालण्याची चांगली सवय रुळली. "ब्लेड नवीन टाका" असे गिऱ्हाईकही आता न संकोचता सांगते. पण ब्रशाचे काय? तुरटीच्या खड्याचे काय? टॉवेलचे काय? ते दिवसभर एकाच्या गालावरून दुसऱ्याच्या गालावर फिरत राहतात.

यातून काय पसरू शकते? पू होणारे जंतू, गजकर्णाची बुरशी, चामखीळ, आणि मोत्यासारखे चमकणारे बारीक फोड येतात तो विषाणू. दाढीतला गजकर्ण तर आता फारच दिसू लागला आहे. एका घरातले वडील आणि दोन मुलगे असे तिघे एकाच वेळी गालावरचे लाल, खाजरे चट्टे घेऊन आले होते. तिघांचा ब्रश एकच आणि टॉवेलही एकच. त्यांनी औषधाच्या दुकानातून स्वतःच एक मलम आणले होते. त्या मलमात स्टिरॉईड होते. स्टिरॉईडने खाज दोन दिवसांत थांबते, पण खाली बुरशी पसरत राहते आणि चट्टा मोठा होऊन परत येतो. अलीकडे बुरशीचे काही प्रकार नेहमीच्या गोळ्यांनाही दाद देईनासे झाले आहेत. तेव्हा चेहऱ्याच्या चट्ट्यावर कुणी सांगितले म्हणून मलम लावू नये.

ब प्रकारच्या काविळीचा विषाणू हा आणखी गंभीर विषय. तो रक्तातून पसरतो, आणि शरीराबाहेर वाळलेल्या रक्तात किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. मुख्य धोका ब्लेडचा आणि वस्तऱ्याचा, हे खरे. पण कापलेल्या जागी फिरवलेली सामाईक तुरटी, किंवा रक्त लागलेला ब्रश, हेही टाळण्यासारखेच. तुरटीने रक्त थांबते म्हणून ती निर्जंतुक करते असा समज आहे, तो चुकीचा आहे. दाढीनंतर लावायच्या सुगंधी लोशनवरही तसा भरवसा ठेवू नये. या काविळीवर लस आहे. सलूनचा व्यवसाय करणाऱ्या प्रत्येकाने ती घ्यावी, कारण दिवसभर वस्तऱ्याशी काम त्यांचेच असते आणि त्यांच्या बोटाला कापण्याची शक्यताही सर्वांत जास्त.

नाभिक बांधवांना या लिखाणात दोष द्यावा असा हेतू नाही. कोविडच्या साथीत मार्च २०२० पासून सलून बंद राहिले आणि त्यांचे मोठे हाल झाले. जूनच्या अखेरीस राज्यात दुकाने उघडली तेव्हाही आधी फक्त केस कापण्यासारख्या कामांना परवानगी होती, दाढीला नव्हती. त्या दिवसांत स्वच्छतेचे नियम त्यांनी जितक्या काटेकोरपणे पाळले, तितके अनेक मोठ्या दुकानांनीही पाळले नसतील. तीच सवय ब्रशपर्यंत नेली म्हणजे झाले.

आणि इथेच केसाचा की नायलॉनचा या प्रश्नाचे खरे उत्तर मिळते. सलूनचा ब्रश निर्जंतुक करायचा तर सोडियम हायपोक्लोराइटचे, म्हणजे ब्लीचचे द्रावण वापरावे लागते. हे द्रावण खऱ्या केसाला खाते, केस विरघळू लागतात. नायलॉन ते सहन करतो. म्हणून सलूनमध्ये नायलॉनचाच ब्रश असावा, आणि एक नव्हे तर पाच-सहा असावेत. वापरलेला ब्रश साबणाने वाहत्या पाण्यात धुवावा. बाजारात मिळणारे साधारण ५ टक्क्यांचे द्रावण एक भाग आणि पाणी नऊ भाग असे मिसळून त्यात दहा मिनिटे बुडवावा, मग स्वच्छ पाण्याने खळखळून धुऊन वाळवावा. द्रावण रोज ताजे करावे. हे जमत नसेल तर ब्रशच नको. ट्यूबमधले क्रीम किंवा फोम धुतलेल्या हाताने लावला तरी दाढी उत्तम होते.

घरी कोणता घ्यावा?

घरातला ब्रश एकट्याचा असेल आणि तो वाळत असेल, तर केसाचा की नायलॉनचा हा आवडीचा प्रश्न आहे, आरोग्याचा नाही. मुलाने आणलेला बॅजरचा ब्रश त्याने खुशाल वापरावा. मात्र पावसाळ्याचे चार महिने तो बाजूला ठेवून नायलॉनचा वापरावा, असे मी त्याला सांगितले. वडिलांनाही सांगितले, की तुमचा नायलॉनचा चांगलाच आहे, फक्त तो केव्हाचा आहे ते एकदा पाहा.

नवे मऊ कृत्रिम धागे आता पूर्वीच्या नायलॉनसारखे टोचत नाहीत. ज्यांच्या चेहऱ्यावर मुरुमे आहेत त्यांनी राठ ब्रश टाळावा, मऊ कृत्रिम ब्रश किंवा नुसती बोटे वापरावीत. कोणताही ब्रश गालावर घासू नये. दाढीचा केस मऊ होतो तो मुख्यतः पाण्याने. आधी दोन-तीन मिनिटे कोमट पाणी लावावे, मग फेस. घासल्याने केस मऊ होत नाही, कातडी मात्र सोलवटते.

खऱ्या केसांच्या ब्रशाबाबत आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मुंगसाच्या केसांचे ब्रश आपल्या देशात चोरून विकले जातात, त्यांत चित्रकारांचे असतात तसे दाढीचेही असतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मुंगूस संरक्षित आहे, त्याच्या केसांचा व्यापार हा गुन्हा आहे. किलोभर केसांसाठी सुमारे पन्नास मुंगसे मारावी लागतात, असा वन्यजीव अभ्यासकांचा हिशेब आहे. भातखाचराच्या बांधावर उंदीर आणि साप मारणारा हा प्राणी आपल्याच उपयोगाचा आहे. तेव्हा कशाचे केस आहेत हे विक्रेता सांगत नसेल, तर तो ब्रश घेऊ नये.

शेवटी थोडक्यात लक्षात ठेवण्याच्या गोष्टी :

१. ब्रश, रेझर, तुरटी आणि टॉवेल ज्याचे त्याचे वेगळे असावेत. बापलेकांतही सामाईक नकोत.

२. दाढी झाल्यावर ब्रश मुळापर्यंत धुवावा, जोरात झटकावा आणि न्हाणीघराबाहेर वारा लागेल अशा जागी ठेवावा किंवा टांगावा. झाकणबंद डबीत ठेवू नये. प्रवासातून आल्यावर डबीतून लगेच काढावा.

३. आठवड्यातून एकदा साबणाने किंवा शाम्पूने धुऊन उन्हात वाळवावा. खऱ्या केसांच्या ब्रशावर उकळते पाणी किंवा ब्लीच टाकू नये.

४. कुबट वास, काळे ठिपके किंवा गळणारे केस दिसले की ब्रश टाकून द्यावा. किती रुपयांचा होता हे आठवू नये.

५. चेहऱ्यावर केसतोड, चट्टा किंवा फोड असेल तोवर दाढी थांबवावी. बरे झाल्यावर नव्या ब्रशाने सुरुवात करावी, नाहीतर जुन्या ब्रशातून तेच दुखणे परत येते.

६. सलूनमध्ये जाताना स्वतःचा ब्रश आणि तुरटीचा छोटा खडा रुमालात बांधून न्यायला लाजू नये. आपले नेहमीचे कारागीर त्याचा राग धरणार नाहीत.

हा अंक हातात असतानाच एकदा न्हाणीघरात जाऊन आपला ब्रश उजेडात धरावा, त्याचे केस बोटांनी फाकवून मुळाशी पाहावे आणि वास घ्यावा. तो केसांचा आहे की नायलॉनचा, हे त्यानंतर पाहिले तरी चालेल.